केरबानं तेल घातलं

“तो तरी ह्या गॅरेजात राहील, न्हाईतर मी तरी ह्या घरात राहीन. एकदाच काय ते ठरवा, वैनी.”

रंगराव अंगणाच्या मधोमध पंचा नेसून उभा होता. डोक्यापासून पायापर्यंत तुळतुळीत. मिशीच्या दोन्ही टोकांवरून निळसर तेल ठिबकत होतं. सासुरवाडीला साखरपुड्याला जायचं म्हणून तो सकाळी सकाळी चांगला रगडून अंघोळीला बसला होता. पहिला तांब्या डोक्यावर घेतला, साबण लावला, तर साबण हातातून सुटून परसात गेला. दुसरा तांब्या घेतला आणि रंगराव स्वतःच पाटावरून सुटला.

“तुमीच राहा की,” आनसाक्का म्हणाली. “पर आधी अंग पुसा. फरशीवरनं कोण घसरून पडलं तर परत माझ्याच केरबाचं नाव निघायचं.”

“अंघुळीच्या बंबात इंजिनाचं तेल घातलंय त्यानं. दुसऱ्या कुणाचं नाव निघणार?”

“घातलं असंल. पर माप बरोबर घातलंय. एक थेंब जास्त न्हाई. मी बघितलं.”

ज्याच्यावरून हे चाललं होतं तो केरबा गॅरेजच्या दाराशी माप हातात धरून शांत उभा होता. धोंडेवाडीत भोळी माणसं आणखीही होती, पण ती अधूनमधून भोळी असायची. केरबा बारमाही भोळा होता. त्याला एक गोष्ट सांगितली की ती त्याच्या डोक्यात दगडावरच्या छिन्नीच्या घावासारखी बसायची. आक्कानं सांगितलेलं केरबा कधी विसरत नसे. अडचण तेवढीच होती.

आनसाक्काचं गॅरेज साधंसुधं नव्हतं. माळावर, चिखलात, दगडधोंड्यांत शर्यती लावायच्या ज्या उंच चाकांच्या गाड्या असतात, डर्ट बाईक म्हणतात त्यांना, त्या ती दुरुस्त करायची. नवऱ्यानं गॅरेज काढलं आणि तो लवकर गेला. तिला कुणी काही शिकवलं नव्हतं. इंजिन उघडायचं, आत काय आहे बघायचं, परत लावायचं, उरलेला नट कुठला ते शोधायचं, असं करत ती शिकली. गावातले पुरुष दारात उभं राहून बाईमाणसाला इंजिन काय कळणार म्हणायचे आणि आपली गाडी तिच्याकडेच टाकून जायचे. तिचं प्रत्येक म्हणणं पहिल्या झटक्यात खरं मानणारा अख्ख्या तालुक्यात एकच माणूस होता. तो केरबा. म्हणून तिला तो हवा होता. पण हे ती कुणाला सांगणारी नव्हती.

रंगराव तिचा धाकटा दीर. त्याचा एक मेव्हणा रिकामा होता आणि त्याला ह्या गॅरेजात बसवायचं रंगरावाच्या मनात होतं. केरबाला हाकललं की जागा मोकळी. केरबानं जायचं कुठं, तर दूर कुठल्याशा वीटभट्टीवर त्याचा मामा होता, तिकडं.

आता बंबात तेल गेलं कसं, तर ते असं.

ह्या शर्यतीच्या गाड्यांचं इंजिन टू-स्ट्रोक. त्याच्या पोटात वंगण वेगळं राहत नाही. पेट्रोलातच तेल कालवून द्यावं लागतं. नुसतं पेट्रोल दिलं की आत लोखंडावर लोखंड घासतं, तापतं आणि पिस्टन असा धरतो की घणानं ठोकला तरी हलत नाही. म्हणून आक्कानं सांगितलं, “केरबा, पेट्रोलात तेल कालवल्याबिगर टाकीत घालायचं न्हाई.”

“बरं आक्का,” केरबा म्हणाला.

दुपारी शाळेचे मास्तर आपली नवी कोरी मोटरसायकल घेऊन आले. ती साधी, बिनधुराची. केरबानं तिच्या पेट्रोलात तेल कालवलं. मास्तर शाळेकडे निघाले तर मागं धुराचा एवढा लोट, की डासांच्या औषधाची गाडी आली म्हणून बायकांनी दारं उघडली आणि पोरं मास्तरांच्या मागं धावत सुटली. त्या दिवशी शाळेत पहिल्यांदाच सगळी पोरं हजर होती.

“आरं, मास्तरांच्या गाडीला कशाला?” आक्का म्हणाली. “तिचं वंगण खाली येगळं असतंय. आधी बघावं. धूर काढणारी असंल तर तेल. धूर काढत नसंल तर न्हाई.”

“पुढल्या खेपंला तसंच करतो, आक्का.”

आणि त्यानं केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी परसात बंब धूर काढत होता. केरबानं चारी बाजूंनी फिरून बघितलं. धुराची खात्री केली. मग माप भरून तेल घातलं.

“पेट्रोल न्हाई घातलं, बापू,” तो रंगरावाला समजावून सांगू लागला. “पाणी आधीच हुतं त्यात.”

रंगरावानं आकाशाकडं बघितलं.

“ऐका भावजी,” आक्का म्हणाली. “यात्रा तोंडावर आलीय. माळावर शर्यत हाय. आपली शालन गाडी चालवणार आणि गाडीचं पेट्रोल-तेल सगळं केरबा बघणार. आपली गाडी अर्ध्या वाटंत बंद पडून थांबली, तर ह्याचं बोचकं मी माझ्या हातानं बांधीन. तुमच्या मेव्हण्याला उद्याच आणून बसवा. पर गाडी शेवटच्या रेघंपतोर पोचली, तर ह्या अंगणात केरबाला घालवायची भाषा परत करायची न्हाई.”

शालन म्हणजे आक्काची सून. माहेरी डोंगरातल्या वाटेनं दुधाच्या किटल्या लावून मोटरसायकल पळवायची. आक्कानं स्थळ बघताना तिचा रंग बघितला नाही, तिनं वळणावर ब्रेक कसा मारला ते बघितलं. आक्काचा मुलगा ट्रक चालवायचा आणि बायकोच्या मागं बसायला घाबरायचा.

रंगरावानं मिशी पिळली. तेल निघालं. शर्यतीचा पंच तोच होता, आणि केरबाचं काम त्यानं अंगावर घेऊन बघितलेलं होतं.

“कबूल,” तो म्हणाला.

भांडण तिथं थांबलं. संपलं नव्हतं.

आक्कानं केरबाला समोर बसवलं. “केरबा, आता नीट ऐक. कुठंबी काय ओतायचं झालं तर आधी इचारायचं. हे कुणाचं, कुणासाठी. इचारल्याबिगर हात लावायचा न्हाई.”

“बरं आक्का.”

“आणि शर्यतीला पेट्रोल ताजं पायजे. लई दिवस पडून राहिलेलं पेट्रोल वास मारतंय. त्याचा जोर जातो. तसलं कोपऱ्यात कुठं घावलं तर ओतून दे.”

“ओतून देतो.”

केरबानं त्याच दिवशी कोपरे शोधायला घेतले. गोठ्यात, वैरणीच्या मागं, पोत्याखाली त्याला एक बाटली सापडली. बूच काढून हुंगली. वास भयंकर. पण विचारल्याशिवाय हात लावायचा नव्हता. म्हणून तो बाटली उंच धरून ओसरीवर आला. तिथं आक्का होती, रंगराव होता आणि रंगरावाची बायकोही भाजी निवडत बसली होती.

“बापू,” केरबानं विचारलं, “ही तुमची हाय का?”

रंगरावानं बाटलीकडं बघितलं. मग बायकोकडं बघितलं. बायकोच्या हातातली मेथीची जुडी थांबली होती.

“माझी कशी असंल?” रंगराव म्हणाला.

“मग कुणासाठी हाय?”

“मला काय ठाऊक.”

“लई दिवस पडून हाय वाटतं. वास मारतीय.” असं म्हणून केरबानं ती नीट, शेवटच्या थेंबापर्यंत, तुळशीपासून लांब ओतून दिली. रंगराव बघत राहिला. एवढा सोशिक चेहरा त्याच्या लग्नातही कुणी बघितला नव्हता.

“शाब्बास केरबा,” आक्का म्हणाली. “इचारून केलंस.”



मग आली गाळणी. आक्कानं गाडीचा कार्बोरेटर उघडून केरबाला आतलं भोक दाखवलं. सुईचं टोक जाईल एवढंच. “ह्या भोकातनं पेट्रोल जातंय. एवढासा कचरा अडकला की गाडी फट्‌फट् करून थांबती. म्हणून आत जायच्या आधी सगळं फडक्यातनं गाळून घ्यायचं. फडक्यावर काय राहील ते टाकून द्यायचं.”

“टाकून द्यायचं.”

“आणि मागं सांगितलेलं ध्यानात हाय न्हवं? कुणासाठी ते इचारायचं.”

“हाय ना आक्का.”

यात्रेच्या आदल्या दिवशी शर्यतीची कमिटी आक्काच्या घरी जेवायला होती. कमिटीवर सगळी जाडजूड माणसं. बोकड पडला होता. सकाळपासून चुलीवर तांबड्या रश्शाचं पातेलं रटरटत होतं आणि पंगतीत बसलेली माणसं ताटाकडं न बघता पातेल्याकडं बघत होती. आक्का भाकऱ्या थापत होती. तिनं आतून हाक मारली, “केरबा, रस्सा वाढायला घे.”

केरबानं पातेल्याचं झाकण काढलं. आत बरंच काय काय तरंगत होतं. तो बाहेर आला.

“रस्सा कुणासाठी हाय?” त्यानं विचारलं.

“आमच्यासाठी की,” कमिटी म्हणाली.

“पोटात जाणार?”

“मग काय कपाळाला लावणार? आण लवकर.”

केरबानं स्वच्छ फडकं घेतलं, सगळा रस्सा गाळला आणि फडक्यावर जे राहिलं ते टाकून दिलं. मागच्या दारी गावातली कुत्री जमली होती. त्यांना वाटलं, आपल्यालाही आमंत्रण आहे.

कमिटीच्या वाटीत लालभडक, काचेसारखा स्वच्छ रस्सा आला. अध्यक्षांनी बोटं घालून तळ शोधला. मग शेजाऱ्याच्या वाटीत बघितलं.

“केरबा, फोडी कुठायत?”

“कचरा हुता, दादा. मोठा मोठा. एक तर नळी हुती. तुमच्या भोकात अडकली असती.”

मागच्या दारी कुत्र्यांनी हाडं फोडल्याचा आवाज येत होता. पंगत नुसत्या रश्शात भाकरी कुस्करू लागली. रंगराव मात्र जागेवरूनच म्हणाला, “वैनी, बोचक्याला धडुतं काढून ठेवा.”

“रेघ अजून लांब हाय, भावजी,” आक्का आतून म्हणाली. मग केरबाला चुलीपाशी बोलावून खालच्या आवाजात म्हणाली, “आरं, गाळायचं ते गाडीचं. माणसं चावून खात्यात.”

“मला कुणी सांगितलंच न्हाई,” केरबा म्हणाला. खरंच होतं. कुणी सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी आक्कानं फळीवरून एक पत्र्याचा डबा काढला. झाकण उघडलं. आत घट्ट, पिवळसर एरंडेल होतं, घाण्यावरून काढून आणलेलं.

“हे बघ केरबा. रोजच्या गाडीला बाटलीतलं तेल चालतंय. शर्यतीत इंजिन लई तापतं, तिथं बाटलीतलं तेल पातळ पडतं. एरंडेल टिकतं. आमचे मालक म्हणायचे, शर्यतीत उतरायचं असंल तर एरंडेल पायजेच. न्हाईतर अर्ध्यातच जाम.”

“शर्यतीत उतरायचं असंल तर एरंडेल.”

“ओझं जास्त असंल तर माप जरा जास्त.”

“ओझं जास्त, माप जास्त.”

“आणि हे एरंडेल पेट्रोलात लगेच मिळत न्हाई. एका जागी बसून राहिलं की तेल खाली उतरतं. म्हणून द्यायच्या आधी धरून गदागदा हलवायचं. लाजायचं न्हाई. आणि एकदा इंजिन तापलं की रेघ येईपतोर बंद पडू द्यायचं न्हाई. गार झालं की एरंडेल चिकट हुतं, मग चालू व्हायला रडवतं.”

“बरं आक्का.”

आणि इथं एक सांगायला पाहिजे. दुसऱ्या दिवशी सकाळी केरबानं गाडीचं जे काम केलं, त्यात नाव ठेवायला जागा नव्हती. ताजं पेट्रोल आणलं. शालनला विचारलं, हे कुणाच्या गाडीसाठी. एरंडेलाचं माप बरोबर घेतलं. फडक्यातून गाळलं. कॅन उराशी धरून असा हलवला की त्याची टोपी पडली. टाकी भरली. आक्कानं एक किक मारली आणि गाडी भुंग्यासारखी ओरडून उठली. एरंडेलाचा गोडसर जळका वास अंगणात पसरला. आक्काला नवऱ्याची आठवण झाली. ती पदरानं सायलेन्सर पुसत म्हणाली, “केरबा, आज तू खरा मिस्त्री झालास.”

केरबाला फार आनंद झाला. आणि डब्यात एरंडेल बरंच उरलं होतं.

माळावर गर्दी जमली. पंचक्रोशीतून गडी आले होते, गाड्या आल्या होत्या. पंच म्हणून उद्घाटनाची पहिली फेरी रंगरावानं मारायची असं ठरलं होतं. त्यानं फेटा बांधला, शर्यतीच्या गाडीवर बसला, एक फेरी हळूहळू मारली आणि शर्यत आपणच जिंकल्यासारखा हात हलवला.

कोपऱ्यात चूल पेटवून केरबा गूळ-सुंठीचा काढा करत होता. आक्कानं लांबून बघितलं. प्रत्येक गड्यापाशी जाऊन तो आदबीनं काहीतरी विचारत होता, मग पेला देत होता. तिला बरं वाटलं. सकाळच्या गारठ्यात गड्यांना गरम काढा द्यायचं दुसऱ्या कुणाला सुचलं नव्हतं.

“तुमी शर्यतीत उतरणार न्हवं?” केरबा विचारत होता.

“मग काय गवत काढायला आलोय?”

“मग घ्या.”

गडी घोट घेत होते, तोंड वाकडं करत होते, पुन्हा घेत होते. “जरा बुळबुळीत हाय,” एकजण म्हणाला. केरबा म्हणाला, “आतनं सगळं मोकळं राहतंय.” ते त्यांना पटलं.

शालननं पेला घेतला. “आत्यांनी सांगितलंय का?”

“आक्कानंच सांगितलंय.”

सासूचा शब्द म्हणून तिनं एका दमात संपवला. रंगरावालाही पेला मिळाला. त्याला मोठा मिळाला. आपला मान ठेवला म्हणून तो खूश झाला आणि केरबाच्या पाठीवर त्यानं पहिल्यांदाच हात ठेवला.

आता शर्यत सुरू व्हायची. पण सरपंचांचं भाषण व्हायचं होतं. सरपंच म्हातारे गृहस्थ. सकाळीच भज्यांची ताटली संपवून मांडवातल्या खुर्चीत बसले होते, ते हललेच नव्हते. केरबानं त्यांना बघितलं. भजी तेलकट. माणूस कधीपासून एका जागी बसलेला. तो जवळ गेला.

“सरपंच, भजी कुणी खाल्ली?”

“मी खाल्ली. का रं?”

“मग तेल खाली बसलं असंल,” केरबा म्हणाला. आणि त्यानं सरपंचांना दोन्ही खांद्यांना धरून गदागदा हलवलं. लाजला नाही.

सरपंचांची कवळी उडाली. ती मांडवाबाहेर धुरळ्यात कुठंतरी पडली. कवळीशिवाय भाषण होईना आणि भाषणाशिवाय शर्यत सुटेना. सगळा गाव वाकून कवळी शोधू लागला. ती एका गड्याच्या बुटाखाली सापडली. धुतली, पुसली, बसवली. मग सरपंचांनी भाषण केलं, आणि रागात केल्यामुळं लांबलचक केलं. एरंडेलाला जेवढा वेळ लागतो तेवढा बरोबर त्यात गेला.

“वैनी,” रंगराव आक्काजवळ येऊन म्हणाला, “गठुडं बांधलं का?”

“सरपंचाचं काय तुमच्याशी ठरलं न्हवतं,” आक्का म्हणाली. पण तिच्या पोटात गोळा आला होता. तिच्या पोटात फक्त गोळाच होता. ती शर्यतीत उतरणार नव्हती.

झेंडा पडला. गाड्या सुटल्या. माळ दणाणला. पहिल्या फेरीला शेजारच्या गावचा धनाजी मगदूम पुढं, शालन त्याच्या मागं. शालनची गाडी अशी चालली होती की आक्कानं डोळे मिटून नुसता आवाज ऐकला. कुठं खोकणं नाही, कुठं अडणं नाही. दुसऱ्या फेरीला शालननं वळणावर धनाजीला मागं टाकलं.

तिसऱ्या फेरीला धनाजीनं गाडी एकदम बाजूला घेतली. त्यानं ती नीट उभीही केली नाही. हेल्मेटसकट तो शेजारच्या उसात शिरला.

“पडला का काय?” लोक म्हणाले.

मग दुसरा गेला. मग एकदम तिघं गेले. एकजण गाडीवरून उतरला, चार पावलं चालला, विचार करून परत फिरला आणि मग सुसाट पळाला. माळावर गाड्या आडव्या पडल्या होत्या, ऊस हलत होता आणि उसातून पुढं जा, इथं जागा न्हाई, असे आवाज येत होते. ज्याचा ऊस होता तो मालक बांधावर उभा राहून कुणाला अडवावं ते ठरवत होता.

एकटी शालन राहिली. शेवटची फेरी. शेवटचं वळण. रेघ समोर. आणि आक्कानं बघितलं, शालन गाडीवर ताठ झाली. मान सरळ, ओठ घट्ट. तशीच ती वाटेच्या कडेला उभ्या असलेल्या केरबाजवळ आली, गाडी थांबवली आणि चालू गाडीचा हँडल त्याच्या हातात दिला.

“केरबाभावजी, रेघंपतोर न्या.” एवढं बोलून ती उसाच्या उलट्या बाजूला, घाणेरीच्या जाळीमागं दिसेनाशी झाली.

केरबाला गाडी चालवता येत नव्हती. पण रेघ येईपर्यंत इंजिन बंद पडू द्यायचं नाही, हे त्याला ठाऊक होतं. एका हातानं अॅक्सिलरेटर धरून, गाडीला म्हशीसारखी बाजूनं चालवत, तो निघाला. गाडी गुरगुरत होती. अख्खा माळ श्वास धरून बघत होता. आधी रेघ ओलांडेल ती गाडी जिंकली, असा रंगरावाचाच नियम होता. कोण बसलंय हे त्यात नव्हतं.

केरबा रेघेपर्यंत आला. पुढचं चाक रेघेला टेकलं. आणि तो थांबला.

“पुढं,” लोक ओरडले. “केरबा, पुढं घे.”

“रेघंपतोर सांगितलंय,” केरबा म्हणाला आणि उभा राहिला. इंजिन चालू होतं.

आक्का पदर खोचून धावली, पण ती पोचायच्या आत रंगरावानं झेंडा खाली टाकला. “शर्यत बाद,” तो म्हणाला. “कुणी जिंकलं न्हाई. सगळं बाद.”

आता मांडवापुढं जे भांडण जुंपलं ते अंगणातलंच होतं, फक्त बघायला गाव होता. उसातून परत आलेले गडी बांधावर बसले होते. त्यांच्यात बोलायची ताकद नव्हती, म्हणून रंगराव सगळ्यांच्या वतीनं बोलत होता.

“काढ्यात काय घातलं हुतंस?”

“एरंडेल,” केरबा म्हणाला. “शर्यतीत उतरायचं असंल तर एरंडेल पायजेच. न्हाईतर अर्ध्यातच जाम. आक्कानं सांगितलंय.”

“माणसांना?”

“गाडीलाबी दिलं, बापू. ती बघा की, कशी चाललीय. मी सगळ्यांना इचारून दिलं. फक्त गाळलं न्हाई, माणसं चावून खात्यात म्हणून.”

बांधावरून कुणीतरी कण्हलं.

“ऐकलंत, वैनी?” रंगरावाचा आवाज चढला. “भरल्या गावात शोभा केली. शर्यत घालवली. सुनंचे हाल केले. सरपंचाचे दात पाडले. आता दिलेला शब्द पाळा. बांधा ह्याचं बोचकं. मी हितनं हलत न्हाई. बोचकं बांधल्याबिगर मी हितनं पाऊल उचलणार न्हाई.”

 आक्का केरबाकडं बघत होती. केरबानं अजून अॅक्सिलरेटर सोडला नव्हता. बोचक्याचं ऐकून त्याचा चेहरा उतरला होता, पण हात हलला नव्हता.

“बापू,” तो हळूच म्हणाला, “तुमी असं जास्त वेळ एका जागी उभं राहू नका.”

“का?”

“तुमी उद्घाटनाची फेरी मारली न्हवं का गाडीवर? म्हणजे तुमीबी उतरलाच. म्हणून तुमाला बी दिलं. आणि ओझं जास्त, म्हणून दोन मापं.”

रंगराव बोलायचा थांबला. त्याचा हात आपोआप पोटावर गेला. कपाळावर घाम आला. त्यानं उसाकडं बघितलं. ऊस लांब होता. घाणेरीच्या जाळीमागं सून होती. त्यानं एक पाय उचलला आणि विचार करून परत खाली ठेवला. मिशी थरथरू लागली.

आक्का शांतपणे गाडीपाशी गेली. पुढच्या चाकाखालची रेघ तिनं बोटानं दाखवली, केरबाच्या हातून अॅक्सिलरेटर घेतला, इंजिन बंद केलं, आणि म्हणाली, “रेघंपतोर गाडी पोचली, भावजी, आता तुमी पोचताय का ते बघा.”